सहा मिनिटं बाकी होती

आबा, गेल्या रविवारी मी एक मॅच अर्ध्यावर थांबवली. हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतं, "किती मिनिटं ऱ्हायली होती?" सहा. दुसऱ्या हाफची सहा मिनिटं बाकी होती, स्कोअर एक-शून्य होता, बर्फ पडत होता आणि एका गोलने मागे होती ती तुमच्या नातीची टीम होती. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं, जपान तर आपल्या घरात कुणाच्या बोलण्यातसुद्धा नव्हतं. आता आम्हाला टोकियोत तेरा वर्षं झाली. एदोगावा वॉर्डात राहतो. आम्ही दोघंही आयटीत आहोत, सकाळी दोघं दोन दिशांना गाड्या पकडतो, आणि बारा वर्षांची लेक नदीकाठच्या मैदानावर मुलींच्या क्लबमधून फुटबॉल खेळते.

मी रेफ्री कशी झाले ते आधी सांगते, कारण ते मलाच अजून नीट उमगलेलं नाही. इथल्या मुलांच्या क्लबमध्ये आईवडिलांना कामं वाटून घ्यावी लागतात. कुणी पाणी आणायचं, कुणी सायकली ओळीत लावून घ्यायच्या, कुणी फोटो काढायचे. दोन वर्षांपूर्वी पालकांच्या मीटिंगमध्ये कोच म्हणाले की रेफ्रीचं लायसन काढायला एक पालक हवा, एका दिवसाचा क्लास आहे, शेवटी परीक्षा. सगळे वडील आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझा हात वर गेला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झोपेत बोलतेय. घरी येताना तो म्हणाला, "अगं, तू तर कधी बॉलला पाय लावला नाहीस." खरंच लावला नव्हता. मी फक्त तुम्हाला बघितलं होतं. प्रत्येक हंगामात, स्टेडियमच्या बायकांच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसून, तुमच्या रेफ्रीच्या काळ्या शर्टाकडे बघत.

तिथून एकदा मी "ऑफसाइड!" म्हणून जोरात ओरडले होते, ते तुम्ही मैदानातून ऐकलं होतं. घरी आल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. मॅचनंतर तुम्ही जेवेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा आपल्याकडे न सांगितलेला नियमच होता. आई गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवायची, तुम्ही त्यात पाय सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचात, ताट मांडीवर घेऊन. त्या दिवशी हात धुतल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. "तुला तिथनं कसा दिसला गं ऑफसाइड?" मी म्हटलं, सगळेच ओरडत होते. "सगळ्यांना सोड. तू जिथं बसलीस तिथनं ती रेघ तिरकी दिसती. दिसलं न्हाई तर न्हाई दिसलं म्हणायचं." एवढंच. चढा आवाज नाही, काही नाही. तरी मी रात्रीपर्यंत रडत होते.

क्लास वॉर्डाच्या एका हॉलमध्ये होता. सगळं जपानीत. निम्मे शब्द मला फोनवर बघावे लागत होते, पण नियम ओळखीचे निघाले. तुम्हाला आठवतं, असोसिएशनने तुम्हाला इंग्रजी नियमांचं पुस्तक दिलं होतं आणि तुम्ही ते माझ्यापुढे ठेवलं होतं? मी आठवीत होते. कारखान्यातल्या लेथवरून घरी आलात की हात रॉकेलने पुसायचात, मग साबणाने धुवायचात, आणि मी एकेक कलम वाचून मराठीत सांगायचे. एक गोष्ट सारखी सारखी यायची, रेफ्रीच्या मते अमुक असेल तर, रेफ्रीच्या मते तमुक असेल तर. तुम्ही मला तिथे थांबवायचात. "परत वाच." मग एकदा म्हणालात, "म्हंजे शेवटी सगळं माझ्याच डोक्यावर टाकलंय की." तेव्हा तुम्ही हसलात. त्या हॉलमध्ये तेच शब्द जपानीत फळ्यावर लिहिलेले दिसले तेव्हा मलाही हसू आलं, आणि शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, काही शंका आहे का.

तर रविवारची मॅच. सहावीच्या मुलींची क्लबमधली शेवटची. एप्रिलपासून त्या वेगवेगळ्या शाळांत जाणार, ही टीम पुन्हा होणार नाही. म्हणून नदीपलीकडच्या क्लबला बोलावून एक निरोपाची मॅच ठेवली होती, आठ-आठ जणींची. दुपारनंतर पाऊस असं हवामानात सांगितलं होतं. सकाळी नऊलाच बर्फ सुरू झाला. टोकियोत बर्फ वर्षातून एखाद्या वेळेस पडतो आणि पडला की गाड्या रखडतात. ज्यांच्याकडे शिट्टी होती ते गृहस्थ दोन स्टेशनं अलीकडे अडकले. आमचे कोच पासष्टीचे आहेत, पोस्टातून रिटायर झालेले, फार कमी बोलतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लायसन मिळाल्यापासून मी फक्त रेघेवर झेंडा धरला होता, शिट्टी कधी नाही. इथे आयांना मुलाच्या नावापुढे 'मामा' लावून हाक मारतात, म्हणजे अमकीची आई. त्यांनी मला तशी हाक मारली आणि विचारलं, "जमेल का?"

"बर्फात मी कधी मैदानावर उतरले नाही," मी म्हटलं.

"मुली तरी कुठे उतरल्यात?" ते म्हणाले, आणि टोपीवरचा बर्फ झटकला.

आपल्याकडे मॅचच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन चुन्याच्या फक्कीच्या रेघा बघायचात, पुसट असेल तिथे परत मारून घ्यायचात. इथे पालकांनी खराटे घेतले आणि रेघांवरचा बर्फ लोटून काढला. पांढऱ्या मैदानावर मातीच्या तपकिरी रेघा उमटल्या. बॉल नारिंगी. पहिला हाफ म्हणजे नुसती मजा होती. बॉलला बर्फ चिकटायचा, तो फुगत जायचा आणि मध्येच अडून बसायचा. मुली धावत पुढे निघून जायच्या आणि बॉल मागेच. सगळ्या खिदळत होत्या. मीही. आणि मला हळूहळू कळायला लागलं की इतकी वर्षं मी तुम्हाला बघत होते, पण तुम्ही काय बघत होता हे मला ठाऊक नव्हतं. रेफ्री बॉल बघतच नाही हो! तो पाय बघतो, कोपरं बघतो, कोण चिडलंय ते बघतो. बॉल असाच डोळ्यांच्या कडेला येऊन जातो. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या हाफमध्ये नदीवरून वारा सुटला. बर्फ ओला व्हायला लागला, मुलींचे शर्ट अंगाला चिकटले, हसणं बंद झालं. नदीपलीकडच्या क्लबने गोल केला. लोटलेल्या रेघा पुन्हा झाकल्या गेल्या. बाहेर उभे असलेले आईबाप चिडीचूप. इथे रेफ्रीला कुणी शिव्या देत नाही, आबा. मॅच संपली की वाकून नमस्कार करतात. तुमच्या आईचा, बहिणीचा उद्धार ऐकत मोठी झालेली मी, मला त्या शांततेची जास्त भीती वाटत होती.

सहा मिनिटं राहिली असताना मी लांब शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. मॅच बंद. त्यांची गोलकीपर पलीकडच्या टोकाला दोन्ही हात काखेत घालून उभी होती. ओठ निळे पडलेले, ग्लोव्हज भिजून जड झालेले, बोटं मिटत नव्हती. तिची आई टॉवेल घेऊन धावली, आमच्या कोचनी खिशातली गरम होणारी पुडी तिच्या तळव्यात दाबली. मैदानावर मला आई म्हणायचं नाही असं आमचं ठरलं आहे. लेक सगळ्यांसमोर ओरडली, "आई! आतो रोप्पुन!" अजून सहा मिनिटं आहेत. मी मान हलवली. ती तिथेच बर्फात बसली. नंतर त्या गोलकीपरची आई माझ्यापुढे येऊन कमरेत वाकली. म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं. आमच्यापैकी कुणाच्याच आलं नाही." मीही वाकले.

घरी येताना सायकली ढकलत चालत यावं लागलं. लेक माझ्या दहा पावलं पुढे. सोमवार, मंगळवार एक शब्द नाही. आमटीभात कानात इयरफोन घालून. तेव्हा मला तो एप्रिल आठवत होता, गारांचा वळीव आला होता ती फायनल. आपल्या पेठेची टीम एक गोलने पुढे, नऊ मिनिटं राहिलेली, आणि तुम्ही मॅच थांबवलीत. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून खेळवली आणि आपली पेठ हरली. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने तुम्हाला चहा द्यायचं बंद केलं. तुमच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा रोज कुणीतरी सोडायचं, आणि तुम्ही रोज सकाळी पंप घेऊन अंगणात बसायचात. मी अकरा वर्षांची होते, आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. वर्गात मुली विचारायच्या, तुझा बाप फितूर झाला का? तुम्ही सगळ्यांना एकच सांगायचात, "पोरांस्नी लागलं असतं." पुढे कितीदा विचारलं तरी तेवढंच.

मला अजूनही खरंच जाणून घ्यायचं आहे, आबा. भांडायचं नाही. त्या क्षणी तुम्हाला काय दिसलं होतं? कुणाच्या डोक्याला गार लागलेली बघितली होतीत का? की काहीच दिसत नव्हतं?

बुधवारी लेक बोलली. मी भांडी विसळत होते, ती फ्रिजला टेकून उभी राहिली. ती निम्मं जपानी, निम्मं मराठी बोलते.

"तुला कसं कळलं तिला थंडी वाजतेय?"

"दिसलं."

"पण कॉर्नर आमच्या गोलसमोर होता. सगळे इकडेच होते. तुझी तिच्याकडे पाठ होती."

मी नळ बंद केला. म्हटलं, "रेफ्रीला दिसतं."

ती "फूऽन" असं म्हणाली. इथली मुलं अर्धवट पटलं की असं म्हणतात. आणि अभ्यासाला गेली. आता ती बोलते. काल मला विचारत होती, लायसन काढायला किती वर्षांचं असावं लागतं.

तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्या कॉर्नरनंतर आमच्या गोलसमोर सात-आठ मुलींची झुंबड झाली, बॉल त्यांच्या पायांखाली बर्फात रुतला. त्यांच्या दोघी हात वर करून 'गोल' म्हणून ओरडल्या. आमच्या मुली नाही म्हणाल्या. रेघ झाकली गेली होती, माझ्या डोळ्यांत बर्फ जात होता, माझी स्वतःची बोटं मला जाणवत नव्हती. बॉल आत गेला होता की नव्हता, मला कळलं नाही. दिसलं नाही असं मोठ्याने म्हणायचं होतं, आणि ते जपानीत, सगळ्यांसमोर, एका बाजूला स्वतःची लेक असताना, माझ्याच्याने म्हणवलं नाही. शिट्टी आधी वाजली. ती मुलगी मला नंतर दिसली, मागे वळल्यावर. नमस्कार मात्र मी घेतला.

हे सगळं मी कागदावर, हाताने लिहिलं आहे. पाठवायचा प्रश्नच नाही. तुमच्या नातीला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता येत नाही. बरीच वर्षं मी म्हणतेय, या सुट्टीत तिला वाचायला शिकवीन. या वर्षी नाही शिकवणार.