लाप्लास माझ्या वाट्याला

अमरावती, ता. ९ मे

ती. सौ. ताराताईस,
स्वरालीचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून आई घाबरली असेल. तिला सांग, मी, इशिता आणि पौर्णिमा, आम्ही तिघींनी आपापले फोन घरमालकीण दुर्गाबाईंच्या कपाटात ठेवलेत, गणिताचा पेपर होईस्तोवर. भावोजी दर आठवड्याला ऑफिसच्या कामाने इथे येतात, म्हणून चिठ्ठी त्यांच्या हाती. चटणीचा डबा परत पाठवतेय. घासायची गरज नाही, इशिताने चाटून ठेवलाय.

ताई, इंजिनिअरिंगचं गणित-३ दोनदा राहिलंय. या खेपेला राहिलं तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. तिघींचीही तीच गत. पौर्णिमाच्या वडिलांनी, नत्थुजींनी, तर निक्षून सांगितलंय की आता नापास झाली तर सरळ मोझरीला घरी. म्हणून इथे सगळेच करतात तसं आम्ही युनिटं वाटून घेतली. एकीने एक युनिट पक्कं करायचं आणि बाकीच्या दोघींना शिकवायचं. लाप्लास रूपांतरांचं युनिट माझ्या वाट्याला आलं.

मला ते येत नाही. अजिबात येत नाही. कोष्टक पाठ केलं, जुन्या पेपरांतली उत्तरं पाठ केली आणि काल दोघींसमोर घडाघडा बोलले. दोन पदांचा गुणाकार आला की दोघांची रूपांतरं वेगवेगळी काढायची नि गुणायची, असं ठोकून दिलं. पुस्तकातलं उत्तर जुळेना, तर छपाईची चूक आहे म्हणून मोकळी झाले. त्यांनी तसंच उतरवून घेतलं. वर पौर्णिमा म्हणते, तुझं समजते व मले, सरायचं नाई समजत. आता कुठल्या तोंडाने सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलेय. काय करू ते लवकर लिही.

तुझ्याच भरवशावर असलेली,
स्वराली


अकोला, ता. १३ मे

चि. स्वरालीस अनेक आशीर्वाद.

आईची समजूत घातली आहे. चटणी पुन्हा पाठवतेय. इशिताला म्हणावं, या वेळी डबा तरी शिल्लक ठेव.

मी शाळेत भूगोल शिकवणारी, तुमचं लाप्लास मला काय कळणार? पण आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, एवढं कळतं. तुझी झाकली मूठ पेपरात उघडणारच आहे, आणि ती आता तुझ्या एकटीची राहिलेली नाही. चिठ्ठी वाचून झाली की दोघींना समोर बसव आणि सांग. रागावतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. मग तिघी मिळून सरांकडे जा. पेपराला अजून वेळ आहे. तू नापास झालीस तर मी आईला सांभाळून घेईन. पण हे लपवलंस तर मला ते सांभाळता येणार नाही.

माया आहेच, ती या रागासकट घे.
तुझी ताई


अमरावती, ता. ३ जुलै

ती. ताराताईस सा. न.

फोन कधीच परत मिळाला, तरी लिहितेय. हे तोंडाने बोलवणार नाही.

निकाल तू पाहिलास. माझं गणित निघालं. आई पेढे वाटत सुटली आहे, तिला थांबव. पौर्णिमा आणि इशिता राहिल्या.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा दोघी लाप्लासचीच उदाहरणं सोडवत होत्या, खुशीत होत्या. जेवल्यावर सांगू म्हटलं, मग सकाळी म्हटलं. सांगितलं नाही. पेपरात मी लाप्लासला हातही लावला नाही. त्या दोघींनी मला शिकवलं होतं तेवढंच लिहिलं आणि त्यावर पास झाले. त्यांनी मात्र सुरुवात लाप्लासनेच केली. सगळ्यात सोपं तेच, आधी तेच सोडवा, असं मीच बजावलं होतं ना. पौर्णिमा माझ्या पुढच्याच बाकावर होती. भराभर लिहीत होती, पुरवणी मागत होती. मला दिसत होतं, ताई.

दोघी मला बोल लावत नाहीत. पेपरच कठीण होता म्हणतात. नत्थुजी काल पौर्णिमाला न्यायला आले होते. रडून-भांडून तिने हिवाळी परीक्षेपर्यंत मुदत मागून घेतली. त्यांनी मला विचारलं, पोरी, तू सांग, हिचं निघन का हिवाळ्यात? मी मान डोलावली. ते मला हात जोडून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर पौर्णिमा वही घेऊन जवळ येऊन बसली. म्हणाली, पहिल्यापासून सगळं करू, पण लाप्लास तूच शिकव. आमच्यात तूच तर सुटली व.

मी हो म्हटलं. उद्यापासून बसायचं ठरलंय.

लोभ असू द्यावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

स्वराली