प्रत्येकी पाच बटणं

ता. ३ सप्टेंबर

चि. मौनी हिस अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारण असं, की काल संध्याकाळी वाचनालयाचे ग्रंथपाल जिना चढून वर आले आणि वर कोणाला काही चावलंय का असं विचारू लागले. कोणाला काही चावलं नव्हतं. तुझा लिफ्टवाला डोळे मिटून पिशवीत हात घालून आतल्या वस्तूचं इंग्रजीत वर्णन करत होता आणि बाकीचे ती वस्तू ओरडून ओळखत होते. वस्तू किसणी होती. त्यांच्या मते ती आधी मगर होती, मग रेल्वेचा रूळ.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असेपर्यंत वाचनालयावरचा तुझा इंग्रजी बोलण्याचा वर्ग सांभाळीन असं मी तुझ्या बाबांना कबूल केलं, ते तो वर्ग आहे असं समजून. कपाटातून खेळांचा पत्र्याचा डबा निघेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पायही वर्गातच मोडला, हे काल शिंपीमास्तरांकडून कळलं. ‘उडी मारणे’ हे क्रियापद तू खुर्चीवरून करून दाखवलंस म्हणे. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. एकाही क्रियापदाने माझं हाड मोडलेलं नाही.

अकराजणांत दहा बोलतात आणि चुकीचं बोलतात. अकरावी बोलतच नाही. हॉस्पिटलातली ती मदतनीस, जिला सगळे मावशी म्हणतात. सव्वीस तारखेला तिची तोंडी परीक्षा आहे. पास झाली तर चौकशीच्या खिडकीवर बसेल, नाही तर निवृत्त होईपर्यंत स्ट्रेचर ढकलेल, असं तिनेच मला मराठीत सांगितलं. चार महिने तुझे खेळ खेळून तोंडी परीक्षेला निघालेल्या बाईने तोंड उघडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

उद्यापासून मी काळ शिकवते आहे, बाराच्या बारा. व्याकरण पक्कं झालं की तोंड आपोआप उघडतं. त्याला तूच पुरावा आहेस. लहानपणी तुझी एक चूक मी सोडली नाही, म्हणून तर आज शिकवतेस.

पाय उशीवर ठेव. माया जागच्या जागी आहे, दर पत्रात मोजून दाखवणार नाही.

तुझी आत्या

*

ता. ७ सप्टेंबर

ती. आत्या हिस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. किसणीपाशी बाबांना ठसका लागला. तुझ्या धाकट्या भावाच्या नात्याने त्यांनी मला बजावलंय, की ताईशी वाद घालू नकोस, आमच्यापैकी कोणी अजून जिंकलेलं नाही. म्हणून वाद घालत नाही, फक्त एक मागणं मागते.

काळ शिकव. पण डब्याच्या तळाशी शर्टाची पांढरी बटणं आहेत, मास्तरांनी दिलेली, साठ. शेवटचा अर्धा तास त्यांचा खेळ घे. प्रत्येकाला पाच. काही बोलायचं तर आपलं एक बटण बशीत टाकायचं आणि मग हवं तेवढं बोलायचं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडून चूक दाखवायची, तर त्यालाही एक बटण. पाच संपली की तोंडाला कुलूप. शिक्षकालाही पाचच, हा नियम मोडायचा नाही.

मावशी रोज पाचही बटणं जशीच्या तशी परत करते, मोजून. तिला घाई करू नकोस. तिला येतं सगळं. ती वाट बघतेय, कशाची ते मला अजून कळलेलं नाही.

आत्या, तुझ्या पुराव्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आई उशी घेऊन आली आहे.

लोभ असू दे, आणि असला तर थोडा वर्गाकडेही वळव.

तुझी मौनी

*

ता. १२ सप्टेंबर

चि. मौनी हिस अ. उ. आ.

पहिल्या काळाला अकराजण हजर होते, चौथ्याला सहा. पूर्णभूतकाळापर्यंत फक्त शिंपीमास्तर पोचले, तेही झोपेत. तेव्हा तुझी बटणं काढली.

खेळ साडेसहाला सुरू झाला. सहा एकोणचाळीसला माझी पाचही बटणं बशीत होती. त्यातली चार एकट्या लिफ्टवाल्यावर खर्च झाली. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या एका वकिलाची हकिगत तो सांगत होता आणि वकिलाला एकाच वाक्यात त्याने पुरुष, बाई आणि वस्तू केलं. उरलेली एकवीस मिनिटं मी तोंड मिटून बसले. दाढ काढून घेतली तेव्हाही मी इतकी गप्प नव्हते.

माझं तोंड बंद झाल्यावर वकील लिफ्टमधून सुटला, हे कबूल करते. आधी सुटत नव्हता. हकिगत चुकांनी भरलेली होती आणि शेवटपर्यंत समजली.

मावशीने पाच बटणं परत केली. परीक्षेला दोन आठवडे उरले आहेत. पुराव्याबद्दल काय लिहिणार होतीस ते लिही. अर्धं बोलून ठेवण्याची तुझी सवय लहानपणापासूनची.

वेळेवर जेव. आशीर्वाद वर लिहिले आहेतच.

तुझी आत्या

*

ता. १५ सप्टेंबर

ती. आत्या हिस सा. न. वि. वि.

सवय कुठून लागली ते सांगते, रागावू नकोस.

मी आठ वर्षांची होते. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. मी त्यांना आपल्या मांजराची गोष्ट इंग्रजीत सांगावी असं ठरलं होतं. मी आठवडाभर पाठ केली होती. दुसऱ्या शब्दाला तू मला थांबवलंस. पाचव्या शब्दाला पुन्हा थांबवलंस. मी पहिल्यापासून सुरू केलं, तू तिसऱ्यांदा थांबवलंस. मांजर गोष्टीत आलंच नाही. बाई चहा पिऊन गेल्या.

त्यानंतर दोन वर्षं मी पाहुण्यांसमोर कुठल्याच भाषेत बोलले नाही. घरात सगळ्यांनी माझं नाव मौनी ठेवलं. तू अजून पाकिटावरही तेच लिहितेस, पोस्टमन हसतो. माझी तक्रार नाही. व्याकरण तुझ्यामुळेच पक्कं झालं. पण बोलायला मी लागले कॉलेजात, तू तिथे नव्हतीस म्हणून.

बटणांचा खेळ मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. आत्याजवळ पाचच असती तर, असा विचार करताना सुचला. बरोबर हिशेब केला तर तीन त्या दिवशी गेली असती, दोन उरली असती. मांजरापर्यंत कदाचित पोचले असते.

मनात ठेवू नकोस. ठेवलंस तर एका कोपऱ्यात ठेव.

तुझी, नाव तेच

*

ता. १९ सप्टेंबर

चि. हिस अ. उ. आ.

तुला नवं नाव सुचेपर्यंत नुसतंच चि. चालवून घे. पाकिटावर तुझ्या बाबांचं नाव घातलं आहे.

मांजराचं मला आठवत नाही. चहा पितळी ट्रेमधून दिला होता हे आठवतं. यापेक्षा जास्त या विषयावर मला लिहिता येत नाही, आणि हे तीनदा लिहून खोडलं आहे.

वर्गात काल एक प्रकार घडला, तो तुझ्या कानावर दुसऱ्याकडून जाण्याआधी मीच कळवते. माझी बटणं सहा पंचेचाळीसला संपली, म्हणजे प्रगती आहे. त्यानंतर लिफ्टवाल्याने एका अनेकवचनाचे असे हाल केले की मला राहवलं नाही. मी माझ्या राखाडी स्वेटरचं वरचं बटण पिरगळून तोडलं आणि बशीत टाकलं. कोणाचं लक्ष नाही असं मला वाटलं.

मावशी शेजारीच होती. तिने आपलं एक बटण उचललं, बशीत टाकलं, उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, की बाईंची पाच संपली आहेत, हे सहावं आहे, आणि हे तपकिरी आहे. मग दुसरं बटण टाकून म्हणाली, की ऑपरेशनच्या खोलीत ती नर्सबरोबर कापसाचे बोळे मोजते. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आल्याशिवाय कोणी टाका घालत नाही, मग तो डॉक्टर कितीही मोठा असो. तिसरं बटण टाकून तिने मला माझं बटण परत घ्यायला सांगितलं.

या सगळ्यात मिळून सात चुका होत्या. माझ्याजवळ बटण नव्हतं.

ती कशाची वाट बघते ते कळलं नाही असं तू लिहिलं होतंस. माझ्या मते सांगण्यासारखं काहीतरी मिळण्याची. ते मी पुरवलं. त्यानंतर तिची उरलेली दोनही संपली आणि ती उसनी मागू लागली. ग्रंथपाल पुन्हा वर आले.

स्वेटर गळ्याशी हाताने धरून घरी आले. थंडी फारशी नव्हती.

तुझी आत्या

*

ता. ३ ऑक्टोबर

चि. हिस अ. उ. आ.

प्लास्टर निघालं, सोमवारी येतेस, असं तुझ्या बाबांनी कळवलं. येताना जिना एकेक पायरी चढ. उडी मारून दाखवायची झालीच तर जमिनीवरून.

आता परीक्षेचं. सव्वीसला सकाळी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. तिथे माझं काम होतं म्हणून. आत घडलं ते मावशीने बाहेर येऊन सांगितलं. परीक्षक नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवणारे गृहस्थ होते. तिच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी तिला थांबवून सुधारलं. दुसऱ्यातही. तिसऱ्याला तोंड उघडणार तोच तिने मुठीतलं एक पांढरं बटण त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, की दोन वेळचं तुम्हाला माफ, हे तिसऱ्या वेळेसाठी माझ्याकडून, पण हे एकच आहे, जपून वापरा. तिला भीती वाटली की आता संपलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिने वर्ग, बशी, नियम, लिफ्टवाला आणि माझा स्वेटर, सगळं सांगितलं. तोंडी परीक्षा पाच मिनिटांची असते. ती पंधरा मिनिटांनी बाहेर आली. चौथ्यांदा तिला त्यांनी थांबवलं नाही.

तीस तारखेला पत्र आलं. एक तारखेपासून ती चौकशीच्या खिडकीवर आहे. काल मी तिथे जाऊन दात कुठे काढतात असं इंग्रजीत विचारलं. तिने दोन चुका करून बरोबर मजल्यावर पाठवलं.

सोमवारी खेळ तू घे, मी विद्यार्थ्यांत बसेन. मांजराची गोष्ट पहिली. पाहुणी म्हणून ग्रंथपालांच्या पत्नीला बोलावलं आहे. माझी पाच बटणं मी आधीच मावशीकडे ठेवायला दिली आहेत, ती गोष्ट संपल्यावर परत देईल.

तुझ्या ताब्यात देत आहे ते खालीलप्रमाणे. पाहून घे आणि खाली सही कर.

पत्र्याचा डबा, एक, झाकण बसत नाही. पिशवी, एक, आत किसणी. चित्रांची पुठ्ठ्याची पानं चोवीस, पैकी एकावर चहाचा डाग, तो माझा. बशी, एक. हजेरीवही, विद्यार्थी तेरा. दोन नवे, एक चष्म्याचे गृहस्थ, त्यांनी फक्त बघायला येतो असं सांगितलं आहे. पांढरी बटणं चोपन्न डब्यात, पाच मावशीकडे, एक परीक्षकांच्या टेबलावर, ते परत मागू नये. तपकिरी बटण एक, डब्यातच राहू दे. स्वेटर मी पिन लावून वापरते.