साखळीचं तेल आणि करडी पँट

बाबा,

शाळेला उशीर होतोय, म्हणून उभ्या-उभ्या लिहितेय. मोटरसायकलची किल्ली हुकावर शोधू नका, ती माझ्या कंपासपेटीत आहे.

रविवारी साखळीचं तेल आणायला मीच गेले होते ना? दुकानदारकाकांनी विचारलं, "गाडी उभी असते की चालते?" मी ऐटीत म्हटलं, "उभीच! बाबांना चक्कर आल्यापासून डॉक्टरांनी चालवायची बंद केलीय." मग त्यांनी घट्ट, चिकट तेल दिलं. म्हणाले, याने उभ्या गाडीला गंज चढत नाही, पण गाडी चालवली तर हे चहूकडे उडतं आणि धूळ धरतं.

आज सकाळी बघते तर साखळी वाळूने माखलेली, मागच्या चाकावर काळे शिंतोडे, आणि धुवायच्या कपड्यांत तुमच्या करड्या पँटच्या डाव्या पायावरही तेच! काल तर म्हणालात, "दिवसभर पडूनच होतो गं." पलंगाला चाकं लावलीत की काय?

आईला अजून काही बोलले नाहीये. पँट मीच साबणात भिजवलीय. पण भर रस्त्यात पुन्हा चक्कर आली असती तर? एवढं जायचंच असेल तर मला सांगा, आपण दोघं बसने जाऊ.

संध्याकाळी साखळी धुऊन नवं तेल आणून लावावं लागणार. दुकानदारकाका परत तेच विचारतील. या वेळी त्यांना काय सांगू?

तुमची घरची मेकॅनिक