मातीचा दम

बाबा, मी सुट्टीवर मोहाडीला आले आहे आणि आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीला नोकरी लागली ती राजस्थानच्या वाळवंटात, मातीचा श्वास मोजायची. हसू नका. तिथल्या झुडपांच्या रानात काही वाफ्यांवर आम्ही पावसाच्या वर जास्तीचं पाणी शिंपडतो, काही वाफे तसेच कोरडे ठेवतो, आणि जमिनीवर डबा पालथा घालून आतून किती कर्बवायू निघतो ते यंत्रावर वाचतो. पाणी पडलं की मातीतले झोपलेले जीव उठतात आणि ती भराभरा श्वास सोडू लागते, झुडपाखाली जास्त, उघड्यावर कमी. चार दिवसांत वाळली की पुन्हा गप्प.

मी नववीत होते. धान गुडघ्याला लागलेलं, आणि तुम्ही फावड्यानं बांध फोडून बांधीतलं पाणी खुशाल सोडून देताय. मी इथूनच ओरडले, "बाबा, येवढं पानी कायले सोडता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काहून बोंबलून राहिली वो? मातीले दम घेऊ दे ना थोडा." शेजारच्या बांधीतल्या बाया हसल्या, म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज त्याच दमावर माझं पोट चालतं. फक्त तिथं सगळं उलटं आहे: आपली माती पाणी काढलं की दम घेते, तिथली पाणी घातलं की. हे तुम्हाला कधी एकदा ऐकवते असं मला झालं होतं.

म्हणून हंगामाच्या शेवटच्या मोजणीला, कोरड्या वाफ्यावर डबा ठेवून, मी वाकून तुमच्याशी मोठ्यानं वाद घालत बसले. "पाहा बाबा, इथं तुमचं नाई चालत. इथं पानी देल्याबिगर माती दम नाई घेत!" आणि आकडा सरसर चढला. डब्याची रबरी कड नीट बसली नव्हती, माझाच श्वास आत चालला होता. तो आकडा तसाच ठेवला असता तर कोरडा वाफा ओल्यासारखा दिसला असता आणि जास्तीच्या पाण्यानं काय फरक पडला हेच कळलं नसतं, सगळ्यांची वर्षाची मेहनत वाया. खोडावा, तर चूक कबूल करायची, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तरी खोडला, आणि माझा श्वास आत गेला असं आमच्या प्रमुख मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "इतका श्वास आत गेला कसा गं?" मी म्हटलं, "खोकला आला होता." त्या हसल्या आणि म्हणाल्या, जा, पुन्हा मोज.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. खोकलाबिकला काही नव्हता. आणि दुसऱ्यांदा डबा ठेवला तेव्हा आकडा बरोबर यावा म्हणून मी तोंड मिटून लांब बसले. तुम्ही गेलात त्या वर्षीही वाटलं नव्हतं इतकं एकटं मला मोजणीच्या त्या दहा मिनिटांत वाटलं.