साडेतीनशे टक्के

बाबा,

लॅपटॉप परत करायची आज शेवटची तारीख होती. मी तो परत केला नाही, तुमच्या टेबलावरच ठेवलाय.

दोन आठवडे तुम्ही मला टोमणे मारताय, "दाग्नी, इतक्या भारी रिझोल्यूशनचा घेतलास आणि मेनूतली अक्षरं मुंगीएवढी!" मीही स्वेनबोर्गच्या दुकानात जाऊन भांडून आले. होड्यांचे आराखडे काढायच्या तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरला असा स्क्रीन झेपत नाही हे खरंच आहे, म्हणून सगळं मोठं दिसावं यासाठी मी स्केलिंग दोनशे टक्के करून दिलं. आज बघते तर तुम्ही ते साडेतीनशेवर नेलंय. निम्मी होडी स्क्रीनबाहेर गेलीय, आणि जी दिसतेय तिच्या बुडाची रेघ तुम्ही दोनदा काढलीय, कारण पहिली तुम्हाला दिसलीच नाही.

दोष लॅपटॉपचा नाही, बाबा. तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?

सोमवारी नऊला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, मी न्यायला येते. राय धान्याचा पाव आणि हेरिंग मासा फ्रिजच्या वरच्याच कप्प्यात आहे. चिठ्ठी मुद्दाम जाड मार्करने लिहिलीय.

गाडीची किल्ली मी नेतेय. घरभर शोधत बसू नका.

दाग्नी