थंड होताना गेलेली ऊर्जा

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मी मजेत आहे, तूही असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रयोगशाळेतला हीटर पुन्हा बंद पडलाय. भावोजी कोट घालूनच संगणकासमोर बसतात. जेवण वेळेवर होतं. तू विचारलंस, फोनवर ते तेच तेच का सांगतात, कामाचा ताण आहे का?

ताण नाही गं.

आमचं काम तुला ठाऊक आहे. दोन जड अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की क्षणभर अतितप्त पदार्थ तयार होतो. त्यातून निसटणारा कण किती ऊर्जा गमावतो, याचं गणित भावोजींनी संगणकावर बसवलं. तुमच्या लग्नात ते आबांना म्हणाले होते, "कण म्हणजे सासुरवाडीहून निघालेला जावई. दमतो, पण बाहेर येतो." आबा आठवडाभर हसत होते.

मध्यंतरी त्यांना एक चूक सापडली. तो पदार्थ थंड होत असतानाही कण ऊर्जा गमावतो, ते धरायचं राहिलं होतं. त्यांनी ती वजाबाकी घातली, आम्ही खुशीत चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओरडले, "अरे, सापडलं! थंड होतानाचं आपण धरलंच नाही!" आणि तीच वजाबाकी परत घातली. मला वाटलं, थट्टा करताहेत. आता त्यांना रोज सापडतं. ते खोलीवर गेले की मी जास्तीची वजाबाकी काढून टाकतो. कुणाला कळलं तर त्यांना घरी बसवतील.

मग मी तापाने पडलो. परत आलो तर आलेख सपाट. सगळी ऊर्जा आतच संपलेली, एकही कण बाहेर नाही.

"हा गाढवपणा कुणी केला?" भावोजी कडाडले.

"मी," म्हटलं.

त्यांनी सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं, अगदी पूर्वीसारखं. खरं सांगू, बरं वाटलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे बाळ, कुठे चुकलं ते कळलंय मला." आणि तीच वजाबाकी पुन्हा घातली.

हल्ली ते मला मेहुणेबुवा म्हणत नाहीत, बाळ म्हणतात. डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण सोबत तू हवीस. मला एकट्याला हे झेपत नाही, ताई.

काल निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीचं कुठे जमलं का रे?"

मी म्हटलं, "जमलंय. माणूस फार चांगला आहे."

"वा," ते म्हणाले, "एकदा भेटायला हवं त्याला."

मिळेल त्या गाडीने ये.

तुझा,
धाकटा