राजसीचं पोट आणि धर्मेशची हळद

उल्हासनगर, कॅम्प नं. ३

ती. गोदूताईस,

धाकट्या भगवानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे, शिरगावात नळाला पाणी येतं की अजून टँकरच, आणि तुझ्या धर्मेशच्या हळदीचा मांडव अंगणात की गच्चीवर, ते कळव. (फोनवर विचारलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासतेस आणि आमच्या घरचं तुमच्या गल्लीत पोचतं. म्हणून हे पत्र इथून धाडलेल्या नवरदेवाच्या कपड्यांच्या पिशवीत घातलंय.)

आता तुझ्या भाचीची हकीकत. राजसीच्या दुखण्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसभर संडासाच्या खेपा. गेल्या वर्षी औषधांनी ती बरी झाली, आपण कार्ल्याला जाऊन एकवीरेचा नवस फेडला, आणि पायऱ्या उतरता उतरता तू जाहीर केलंस की नवस फिटला तसं दुखणंही फिटलं, आता गोळ्या खाणं म्हणजे आईवर अविश्वास. आमच्या संध्याला, राजसीच्या आईलाच, ते इतकं पटलं की घरी येताच तिने गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला. थोड्याच दिवसांत पोरगी पुन्हा वर्गातून पळत सुटायला लागली. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नवस खुशाल फेडा, गोळ्या मला विचारल्याशिवाय थांबवू नका.

मग मी विचारत सुटलो. जीन्सचं कापड घेताना धुतल्यावर किती आटेल हे आधी विचारणारा माणूस मी, पोरीच्या बाबतीत गप्प बसेन? उंची वाढेल का, नोकरी जमेल का, लग्नाचं काय? बाई म्हणाल्या, उंची-वजन बघत राहू. हे दुखणं वर्षानुवर्षं झोपतं आणि मधूनच उठतं. बहुतेक मुलांचं शिक्षण, नोकरी, संसार सगळं होतं. काहींचं औषधांनी भागत नाही, मोठं आतडं काढावं लागतं, तीही माणसं हिंडतात-फिरतात. आणि काही वर्षांनी नेमाने दुर्बिणीने तपासायचं, कारण पुढे कर्करोगाची भीती थोडी वाढते. मग म्हटलं, म्हणजे बाई, शटर खाली असलं तरी दुकान आत आहेच. त्या हसल्या. म्हणाल्या, हो, आणि गोळ्या म्हणजे कुलूप. बाहेर बाकावरच्या सिंधी आजींनी तेवढ्यात संध्याला डाळिंबाच्या सालीचा काढा शिकवला होता, तो मी रिक्षात बसेपर्यंत विसरायला लावला.

आता बरं आहे. गोळ्या राजसी स्वतः आठवणीने घेते. काळजी नसावी. आम्ही सगळे हळदीला येतोय.

तुझा,
भगवान

ता. क. सगळे म्हटलं ते खरं नाही. राजसी येत नाही म्हणते. तोंडाने परीक्षा सांगते, पण भिंतीपलीकडून मी ऐकलं, मैत्रिणीला सांगत होती, "यार करिष्मा, आत्याकडे एकच संडास, बाहेर सगळी पब्लिक लाइनमध्ये. मी नाचू की नंबर लावू?" नाच तिने कधीचा आरशासमोर बसवलाय. तर बाय, त्या दिवशी घरातल्या संडासाला कुलूप घाल, नळ फुटलाय म्हणून सांग, आणि चावी काही न बोलता तिच्या हातात दे. पाहुण्यांसाठी गाडीवरचा संडास मी पाठवतो. माझा आहेर समज.

दुसरा ता. क. मटण जेवून भाऊजी चावी मागतील. त्यांना गाडी दाखव.